झेलबाईची टाच

"हात काढ तिच्या पोटरीवरून. आत्ता कुठे डोळा लागलाय," सासूबाई दारातून म्हणाल्या.

मी हात काढला नाही. माझी लेक खारू पालथी झोपली होती. एक गाल उशीवर चेपलेला, तोंड अर्धवट उघडं, दोन्ही तळवे छताकडे वळलेले. मी तिची उजवी पोटरी अंगठ्यानं हलकेच दाबून पाहत होते. मऊ, अगदी लोण्यासारखी. मग डावी पाहिली. तीही तशीच.

"सकाळी दगड होती," मी म्हणाले. "आणि आता बघा."

"बरं झालं ना मग?"

"बरं काय, आई? दरवेळी वेगळंच लागतंय हाताला. म्हणजे आत काहीतरी चाललंय."

"तिच्या पायात काही चाललेलं नाही. तुझ्या डोक्यात चाललंय," असं म्हणून त्या टिक टिक करत स्वयंपाकघरात गेल्या.

ती टिकटिक त्यांच्या चपलांची. आमच्या घरात सगळे अनवाणी वावरतात, पण त्यांच्या पायात मात्र घरातही उंच टाचेच्या चपला. रबरी नव्हेत, चांगल्या बंदाच्या, दुकानातल्या. उभा जन्म त्यांनी बुटांच्या दुकानात काढला होता. मालक थकला, दुकान बंद झालं आणि मी नोकरीवर पुन्हा रुजू व्हायच्या आधी त्या आमच्याकडे राहायला आल्या, खारूला सांभाळायला. आल्या त्या दिवशी दारात चपला काढतील म्हणून मी वाट पाहत उभी होते. त्यांनी दुसरी जोडी पिशवीतून काढली, "ही घरातली हं," म्हणाल्या आणि टिक टिक करत आत गेल्या. मला तेव्हा वाटलं, हौस आहे बाईंना. एकदा माझ्या आईजवळ फोनवर मी 'नखरा' असा शब्दसुद्धा वापरला होता.

खारू चवड्यांवर चालायला लागली ती त्यानंतरच. आधी मला मौज वाटली. मग एके दिवशी बागेत बाकीची पोरं पाय आपटत धावताना दिसली आणि आमची मात्र जणू जमिनीला चटका असावा तशी टाचा उचलून तुरूतुरू. घरी येऊन मी मोबाइल उघडला आणि तिथे जे जे वाचलं ते वाचून झोप उडाली. टाचेची शीर आखूड असते. मेंदूकडून येणारा निरोप चुकतो. स्नायू हळूहळू वाया जातात. प्रत्येक पानाच्या शेवटी लिहिलेलं, 'घाबरून जाऊ नका.'

"इंटरनेटवर शिंक शोधलीस तरी शेवटी मरणच सापडतं," नवरा म्हणाला. त्याला मी वेंधळी वाटत नाही, पण वेडी वाटते, असं तोच म्हणतो. "आईला विचार. तिनं आयुष्यभर पायच बघितलेत."

"पाय नाही रे, नंबर बघितलेत," सासूबाई म्हणाल्या. "माणसानं पाय पुढे केला की आधी नंबर दिसतो. तोंड मागून."

मग नवऱ्यानं त्याची आवडती गोष्ट काढली. घरात पाहुणा आला की ही गोष्ट होतेच, आणि त्या दिवशी पाहुणा नव्हता तरी झाली. दुकानात छतापर्यंत बुटांची खोकी रचलेली. वरचं खोकं हवं असलं की ही चवड्यांवर उभी राहायची, बूट पायात चढवायचा लांब चमचा खोक्याच्या मागे अडकवून ओढायची, आणि खोकं सुटलं की वरच्या वर झेलायची. गिऱ्हाईक बुटांपेक्षा तेच बघायला यायचं. आख्ख्या बाजारात हिला झेलबाई म्हणायचे!

"एक खोकं पडू दिलं नाही," सासूबाईंनी नेहमीचं शेवटचं वाक्य म्हटलं. ते वाक्य त्यांचं ठरलेलं. त्याच्या आधी सगळं तो सांगायचा.

मी हसले, पण माझं लक्ष खारूकडे होतं. ती जेवणाच्या टेबलाभोवती चवड्यांवर फेऱ्या मारत होती.

*

फिजिओथेरपिस्ट बाईंच्या खोलीत मोठी निळी चटई होती आणि चटईवर चपला चालत नाहीत अशी पाटी. मी आणि खारूनं सँडल काढल्या. सासूबाई म्हणाल्या, "मी इथे बाहेरच बसते," पण खारूनं त्यांचं बोट सोडलं नाही, तेव्हा त्यांनीही चपला काढल्या आणि भिंतीजवळच्या खुर्चीत पटकन बसल्या. पाय त्यांनी खुर्चीखाली मागे ओढून घेतले.

मी माझं सगळं पाठांतर म्हणून दाखवलं. सकाळी कडक, दुपारी मऊ, आंघोळीनंतर कधी कडक, कधी मऊ. बाई मान हलवत ऐकत होत्या. माझ्याच वयाच्या, केस आखूड, बोलणं आरामाचं.

"तुम्ही हात लावता तेव्हा पाऊल कसं असतं?"

"कसं म्हणजे?"

"चढा तुम्ही टेबलावर. तिच्याआधी तुमचंच बघू."

मी चढले. खारूला प्रचंड आनंद झाला. आईला डॉक्टरकडे टेबलावर बसवलंय म्हणजे काय! मला पाय लांब करून बसायला सांगितलं. पाऊल खाली सोडा, बोटं पुढे करा, आता स्वतःची पोटरी दाबा. मी दाबली. मऊ होती, जरा हलवली तर लोंबणारी. मग बाईंनी माझी टाच आपल्या तळहातात घेतली आणि पाऊल माझ्याकडे, वर, ढकललं. "आता दाबा."

पोटरी दोरीसारखी ताठ झाली होती.

"पोटरी तीच आहे," त्या म्हणाल्या. "पाऊल बदललं. पाऊल खाली असलं की स्नायू सैल पडतो, वर घेतलं की ताणतो. आणि चवड्यावर उभं राहिलं की तो काम करतो, म्हणून कडक लागतो. तुम्ही ती झोपलेली असताना एकदा बघितलंत, चालताना एकदा, अंग पुसताना एकदा. तीन वेगळी पावलं झाली ती."

मी पदवीपर्यंत पदार्थविज्ञान शिकले आहे. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी आम्हाला सांगितलं होतं, एक गोष्ट मोजताना बाकीच्या हलू द्यायच्या नाहीत. मी टेबलावरून उतरले आणि माझी सलवार उगाचच नीट केली.

मग खारूची पाळी. गुडघा सरळ, पाऊल सरळ, टाच तळहातात. बाईंनी हळूच वर ढकललं. पाऊल अगदी सहज वर गेलं, काटकोनाच्या पुढे. दुसरंही गेलं. गुडघा वाकवून पाहिलं, उभं करून पाहिलं, पळवून पाहिलं, उकिडवं बसवलं. उकिडवं बसल्यावर खारूच्या दोन्ही टाचा चटईला चिकटल्या होत्या. मी त्या टाचांकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत मला ती उकिडवी बसलेली दिसली नव्हती असं नाही. पण मी बघत होते ते चालणं.

"मला तरी काही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "काही महिन्यांनी परत दाखवा, तेव्हा पुन्हा बघू. पण पोटरी छान आहे हिची."

"मग ही अशी का चालते?"

"काही मुलं चालतात. सवय, गंमत. काही कुणाचं तरी बघून." त्या खारूसमोर वाकल्या. "काय गं, तू अशी उंच उंच का चालतेस?"

"मी आजी झाले की अशी चालते," खारू म्हणाली.

आणि तिनं करून दाखवलं. एक हात कमरेवर, ओठ घट्ट मिटलेले, मान जराशी पुढे, चवड्यांवर टुकटुक चालत ती बाईंसमोर आली, थांबली आणि म्हणाली, "बोला, काय दाखवू? नंबर किती?"

बाई खो खो हसल्या. मला इतकं हलकं वाटलं की मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसता मी सासूबाईंकडे पाहिलं. त्याही हसत होत्या, फक्त तोंडानं. खुर्चीखालचे पाय त्यांनी आणखी मागे घेतले होते.

बाईंचंही लक्ष तिकडेच गेलं असावं. "आजी, तुम्ही जरा येता का चटईवर?"

"माझं काय बघायचंय? पोरीचं बघा."

"या तर. फुकटात बघते."

सासूबाई उठल्या. अनवाणी चालताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. पाय बाहेर फाकवून, जरा डुलत, त्या चटईच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही पावलं दोन दिशांना. टाचा टेकल्यासारख्या दिसत होत्या.

"पावलं सरळ करा, आजी. बोटं माझ्याकडे."

"हे असंच बरं वाटतं हो."

"दोन मिनिटं."

त्यांनी पावलं सरळ केली. आणि दोन्ही टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. कुणी वरून दोरी ओढावी तशा, आपोआप. बाईंनी खाली बसून त्यांच्या टाचेखाली बोट सरकवलं. बोट सहज आत गेलं.

"दुखतं?"

"सवय आहे."

"काम काय करत होता?"

"बुटांचं दुकान. गिऱ्हाइकासमोर चवड्यावर बसायचं, वरचं काढायला चवड्यावर उभं राहायचं. बाकी काय?" मग त्या माझ्याकडे बघून एकदम हसल्या, या वेळी खरोखरच्या. "आमच्या सासूबाई म्हणायच्या, या बाईची टाच म्हणून घरात टेकत नाही. मेली म्हातारी. तिचं बोलणं खरं करून दाखवलं बघ."

बाईंनी समजावून सांगितलं. पोटरी आखूड झाली आहे. थोडी सैल होईल. टाच पूर्ण टेकेलच असं नाही. उंच टाच एकदम सोडायची नाही, हळूहळू उतरवायची. भिंतीला हात लावून रोज ताण द्यायचा, आणि तेव्हा पाऊल सरळ हवं. "बाहेर वळवलंत की टाच टेकते, पण पोटरीला काही कळतच नाही. ती आपलीच आपण केलेली फसवणूक. आणि टाचा उंचावून वरचं काही काढायचं नाही आता. शिडी घ्या, स्टूल घ्या."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये खारू माझ्या मांडीवर झोपली. तिचं पाऊल माझ्या हातात होतं आणि मी ते वर करून पाहिलं नाही. एवढं मला जमलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"चला, सुटलो बाई," मी म्हणाले. "काही नव्हतंच."

"हो ना," त्या म्हणाल्या. "माझंच होतं."

*

दुसऱ्या दिवशी घर मला चमत्कारिक वाटलं. काय बिनसलंय ते आधी कळेना. मग लक्षात आलं, टिकटिक नव्हती.

सासूबाईंच्या चपला दाराजवळ भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या. त्या स्वतः अनवाणी, भिंतीला एक हात लावून, टाचा दाबून दाबून चालत होत्या. प्रत्येक पावलाला त्या पुढे झुकायच्या आणि ओठ मिटायच्या. त्यांच्यामागे खारू, तीही भिंतीला हात लावून, पुढे झुकत, ओठ मिटून.

"आई, त्यांनी एकदम सोडू नका म्हणून सांगितलंय ना?"

"पोरगी बघतेय. चांगलं काहीतरी बघू दे."

"ती आता हे करतेय. मागे बघा."

त्यांनी मागे पाहिलं. खारूनं भिंतीला हात लावून त्यांच्याकडे बघत जीभ बाहेर काढली. सासूबाईंनी नुसता सुस्कारा सोडला.

दुपारी मी खारूच्या कपड्यांच्या घड्या करत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी म्हणते, मी जाऊन येते माझ्या घरी. कुलूप काढायचंच तर आहे. बंद घराला वास येतो."

"कधी येणार परत?"

"बघू."

त्या 'बघू'चा अर्थ मला कळतो. मी स्वतः तो पुष्कळ वापरते. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी एक हिशेब मांडूनही पाहिला. पाळणाघर आहे. शेजारची ताई दुपारी रिकामी असते. खारूचं चालणं आपोआप सुधारेल. सगळं जमण्यासारखं होतं. आणि तरीही हातातल्या फ्रॉकची घडी मी चारदा मोडली.

"ती तुमच्यासारखी चालते म्हणून जाताय का?"

"तसं कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात, बसमध्ये."

"तू फार कान देऊन ऐकतेस," त्या म्हणाल्या. "लहानपणी तुझे कान पिळत असतील सगळे."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो आईपाशी जाऊन बसला, "आई, काहीतरीच काय," असं दोन-तीनदा म्हणाला आणि मग तिच्या खांद्यावर हात ठेवून टीव्ही बघत राहिला. त्याच्याकडे तेवढंच आहे. प्रेम भरपूर, शब्द थोडे. सासूबाई त्याला म्हणाल्या, "माझी सुटकेस माळ्यावर आहे ती सावकाश काढून दे." तो म्हणाला, "रविवारी." रविवार त्याच्या दृष्टीनं खूप लांब होता, म्हणजे जाणंही लांब होतं.

पण सासूबाईंना कुणाची वाट बघायची सवय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीहून बाहेर आले तर त्या माळ्याखाली उभ्या. अनवाणी, चवड्यांवर, अंग ताणलेलं. हातात कपडे वाळत घालायची काठी, तिचं टोक सुटकेसच्या मुठीत अडकवलेलं. माळ्याशेजारीच, भिंतीला टेकून, मागच्या महिन्यात मी आणलेली घडीची शिडी होती. तिच्यावर त्यांनी आपला ओला टॉवेल टाकला होता.

"आई!"

मी ओरडले आणि सुटकेस सुटली. डोळे मिटायलाही वेळ नव्हता. आवाज आला नाही. पाहिलं तर सुटकेस त्यांच्या दोन्ही हातांत, छातीशी. त्यांनी झेलली होती.

"झेलबाई!" खारू टाळ्या पिटत म्हणाली.

सासूबाई हसायला गेल्या आणि तोंड वेडंवाकडं झालं. "गोळा आला गं, गोळा आला..." सुटकेस माझ्या अंगावर ढकलून त्या भिंतीला घसरत खाली बसल्या. उजवी पोटरी मुठीएवढी वर आली होती, डोळ्यांना दिसत होती.

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. गुडघा सरळ, पाऊल सरळ. त्यांची टाच तळहातात घेतली. टाच खडबडीत आणि थंडगार होती. माझ्या हाताचा पंजा लहान, म्हणून तळव्याला कोपरापर्यंतचा हात टेकवला आणि अंगाचा भार देऊन हळूहळू वर ढकललं. आधी त्या विव्हळल्या. दुसऱ्या हाताखाली गोळा आणखी कडक झाला, थरथरला. मी सोडलं नाही. आणि मग तो हळूहळू विरघळत गेला, बर्फ विरघळावा तसा, कडेनं आधी.

"आजीच्या पायात गोळा आहे?" खारूनं वाकून विचारलं. "कुठेय? मला दे."

"गेला, सोन्या. तुझ्या आईनं पळवला." सासूबाईंनी डोळे पुसले. "सोड आता पाय."

"थोडा वेळ धरते."

"अगं, सोड. गुदगुल्या होतात. मी इतक्या लोकांचे पाय धरले, माझा कुणी धरला नव्हता." त्या पाय ओढायला बघत होत्या, पण पाय माझ्या हातातच होता.

खारू सुटकेसपाशी गेली, चेन उघडली आणि आत बसून बघायला लागली. मी शिडीकडे पाहिलं.

"शिडी इथेच तर होती, आई. तुम्हाला बाईंनीही सांगितलं. टॉवेल कशाला टाकलात तिच्यावर?"

"वाळायला."

"ओल्या टॉवेलला दोरी आहे की."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. ती सुरू होऊन निघून गेली, मग त्या बोलल्या. आवाज साधाच होता, जेवणाचं विचारावं तसा.

"दुकानात होती शिडी. चांगली, लाकडी. नवी लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात चढले. वरचं खोकं हवं होतं. चढले आणि खालचं बोलणं बंद झालं. आपलं दुकान म्हणजे सतत कचकच, हा नंबर दे, तो रंग दे. ते एकदम बंद. मी खोकं घेतलं, मागे वळून पाहिलं. मालक, दोघं विकणारे, एक गिऱ्हाईक, सगळे वर बघत होते. मी बघितल्यावर खाली बघायला लागले. एकजण तेवढा बघतच राहिला, हसून." त्या थांबल्या. "कुणी काही केलं नाही हं. बोललंसुद्धा नाही कुणी. उतरले. परत नाही चढले."

"मग तो चमचा..."

"मग तो चमचा. हात पुरायला टाचा उचलायच्या. मग आणखी पुरायला उंच चपला घेतल्या. खोकं पडलं तर मालक शिडी घे म्हणणार, म्हणून पडू द्यायचं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "झेलबाई नाव नंतर पडलं. चांगलंच होतं ते नाव. मला आवडायचं."

मी त्यांची टाच तळहातात तशीच धरून ठेवली.

"यांना माहीत आहे?" मी नवऱ्याबद्दल विचारलं.

"छे. आणि सांगू नकोस. त्याला ती गोष्ट आवडते."

*

सुटकेस बोळकांडीत तशीच राहिली. रविवार आला, गेला. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मुकाट वर्तमानपत्र उघडलं. मी म्हटलं ना, प्रेम भरपूर. खारूनं सुटकेसचं घर केलं. तिच्यात एक बाहुली राहायला आली, मग दोन चमचे, मग माझा हरवलेला चष्मा. सासूबाई येता-जाता तिला ओलांडत. एकदा त्यांनी आपले दोन कपडे आत ठेवले. दुपारी खारूनं ते काढून बाहुलीला पांघरले. त्यांनी ते पुन्हा ठेवले नाहीत.

चपला परत पायात आल्या, पण मी त्या कोपऱ्यावरच्या चपला दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन त्यांची टाच थोडी उतरवून आणली होती. आवाज बदलला. टिकटिक जाऊन टकटक झाली. "म्हशीसारखी चालते मी आता," सासूबाई कुरकुरल्या.

सकाळी चहा झाला की आजी आणि नात भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या. एक पाय पुढे, एक मागे. मागचं पाऊल सरळ. सासूबाई संधी मिळाली की ते बाहेर वळवायच्या आणि खारू खाली बसून दोन्ही हातांनी त्यांचं पाऊल पुन्हा सरळ करायची. "आजी, फसवायचं नाही!" मग ती तशीच फरशीला गाल लावून त्यांच्या टाचेखालून पलीकडे बघायची.

"दिसतंय का गं काही?"

"दिसतंय."

"काय?"

"आईचे पाय."

कधी ती म्हणायची, थोडंसंच दिसतंय. त्या दिवशी सासूबाई चहा जरा जास्त घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं दिसायचं. खारूचं चालणं म्हणाल तर कधी चवड्यांवर, कधी टाचा आपटत, कधी शेजारच्या काकांसारखं पोट पुढे काढून. मी अजून बघते. बघणं काही सुटत नाही. पण तिच्या पोटरीला मी हात लावते तो आता नुसता लावायला.

मध्ये एकदा नवऱ्याचा मित्र जेवायला आला होता. भात वाढता वाढता नवऱ्यानं सुरुवात केली, "आमची आई म्हणजे झेलबाई! वरचं खोकं असं चमच्यानं ओढायची..." मी वाटी हातात धरून उभी राहिले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तो त्यांच्या वाक्यापाशी येऊन थांबला, तेव्हा त्या पाण्याचा घोट घेऊन म्हणाल्या, "एक खोकं पडू दिलं नाही." मित्र मनापासून हसला. त्याही हसल्या. मग मीही.

आणि मग गेल्या आठवड्यात, मी कामावर निघायच्या गडबडीत असताना, त्यांनी सुटकेसमधून बाहुली बाहेर काढली, चमचे काढले, माझा चष्मा माझ्या हातात दिला. सुटकेस उलटी करून झटकली.

"आज निघताय?"

"कुठे?"

"सुटकेस..."

"रिकामी आहे ती. वाटेत पाय अडखळतो. माळ्यावर टाकून देते."

"असू द्या, संध्याकाळी हे आले की ठेवतील."

"तो रविवारी ठेवेल." त्यांनी शिडीवरचा टॉवेल काढला आणि खांद्यावर टाकला. शिडी उघडायला त्यांना जमेना, कडी कुठे आहे ते कळेना. मी उघडून दिली, माळ्याखाली नीट बसवली. त्यांनी चपला काढल्या, शेजारी शेजारी ठेवल्या. मग शिडीच्या दांड्यावर हात ठेवून त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"धरशील ना?"

"धरते."

"आजी, मी पण धरते," खारू म्हणाली.

"तू बाहुलीला धर. तिला ऊन दाखवून आण जा."

खारू खिडकीकडे पळाली. मी दोन्ही हातांनी शिडी पकडली, पाय रोवले आणि मान वळवली. समोर भिंत होती. रंगाचा एक पोपडा निघाला होता, कॅलेंडरचा खिळा जरा वाकडा होता. शिडी कुरकुरली. पहिली पायरी, मग थांबणं, मग दुसरी. माझ्या कानाजवळून त्यांचे कपडे सरकत वर गेले.

मी बोलत राहिले. काय बोलले ते नीट आठवत नाही. दूध तापवून ठेवलंय, खारूची बाटली धुतलीय, भाजीवाल्याला आज नको म्हणून सांगा. गप्प बसायचं नाही एवढंच मला कळत होतं.

"हो गं, हो गं," त्या वरून म्हणत होत्या. "चालू दे तुझं."

वर सुटकेस सरकल्याचा आवाज आला. अगदी आतपर्यंत, भिंतीला लागेपर्यंत. वरच्या पायरीवर त्यांची टाच टेकली होती की नाही, मला माहीत नाही. मी खिळ्याकडे बघत होते.